शिंपला, चांदी आणि पासवर्ड: मोबाइलवरचं ऑटोफिल कसं लावावं, कसं वापरावं



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, छपाईची चूक झालीय का? तुम्ही आणि पासवर्ड?" चूक झालेली नाही. ज्ञान कशाला म्हणायचं आणि भ्रम कशाला म्हणायचं, हे आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवत आलो. दोन वर्षांपूर्वी हातातल्या फोननं आम्हालाच भ्रमाचा एक धडा दिला. त्या धड्यापासून सुरुवात करू या.

एका दुपारी बँकेच्या नावानं संदेश आला. तुमची केवायसी अपुरी आहे, आज रात्रीपासून खातं गोठवलं जाईल, खालच्या लिंकवर जा. निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होतं आणि महिनाअखेर होती. आम्ही लिंक उघडली. तेच बोधचिन्ह, तोच रंग, तीच नाव आणि पासवर्ड टाकायची चौकट. आता, आमच्या फोनवर मुलीनं पासवर्ड मॅनेजर बसवून दिलेला होता. रोज काय व्हायचं, की त्या चौकटीला बोट लावलं की कीबोर्डच्या वर आमच्या खात्याचं नाव यायचं. त्यावर बोट ठेवायचं, अंगठ्याचा ठसा द्यायचा, की झालं. त्या दुपारी काही आलंच नाही. दोनदा बोट लावलं, तीनदा लावलं. शेवटी "हे यंत्र नेमकं गरजेच्या वेळी बिघडतं" असं पुटपुटत आम्ही मॅनेजर स्वतः उघडला, पासवर्ड कॉपी केला, त्या चौकटीत चिकटवला आणि पुढे गेलो.

मग ओटीपी आला. सवयीनं आकडे टाकणारच होतो, पण चष्मा लावल्यावर संदेश पुरता वाचला गेला. हा ओटीपी नवीन लाभार्थी जोडण्यासाठी आहे, असं त्यात लिहिलं होतं. कोण लाभार्थी? आम्ही तर केवायसी करायला आलो होतो! तेव्हा कुठे हात थांबला. डेबिट कार्डाच्या मागचा क्रमांक लावून नेटबँकिंग बंद करवलं, संध्याकाळी पासवर्ड बदलला. पैसे वाचले. पासवर्ड मात्र चोराच्या हाती गेला होता, आणि तो आम्हीच नेऊन दिला होता.

यंत्र बिघडलेलं नव्हतं, मंडळी. समोरचा पत्ता त्याच्या ओळखीचा नव्हता, म्हणून ते गप्प बसलं होतं. ती जागा खोटी आहे हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं आणि तो एक म्हणजे आम्ही नव्हे! तेव्हा आज दोन गोष्टी पाहायच्या आहेत. हे साधन फोनवर कसं लावायचं, ही पहिली. आणि ते गप्प बसलं की आपण काय करायचं, ही दुसरी. दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

डोळा काय पाहतो आणि यंत्र काय पाहतं

आपल्या दर्शनांमध्ये भ्रमाचं एक जुनं उदाहरण आहे, शुक्तिरजताचं. वाळूत शिंपला पडलेला असतो, तो चकाकतो, आणि पाहणाऱ्याला चांदी दिसते. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतात. म्हणजे काय, तर चांदी खोटी नसते, ती आपण पूर्वी कुठे तरी खरोखर पाहिलेली असते. चकाकीच्या साम्यामुळे तिची आठवण जागी होते आणि ती आपण समोरच्या शिंपल्यावर लादतो. आता आमची ती दुपार बघा. बँकेचं खरं पान आम्ही शेकडो वेळा पाहिलेलं होतं. रंग आणि बोधचिन्ह जुळलं, आठवण जागी झाली आणि खोट्या पानावर खरी बँक दिसली. डोळा साम्यावर चालतो. डोळ्याचा तो दोष म्हणता येणार नाही, त्याचं कामच तसं आहे.

पण एक फरक आहे. दर्शनातला माणूस वाकतो, शिंपला हातात घेतो, चांदी नाही हे कळल्यावर हसतो आणि टाकून देतो. वाकल्यामुळे त्याचं काही जात नाही. आपल्या उदाहरणात वाकणाऱ्याचा खिसाच कापला जातो. म्हणून परीक्षा वाकण्याच्या आधी व्हायला हवी.

ती परीक्षा पासवर्ड मॅनेजर करतो. तो रंग पाहत नाही, बोधचिन्ह पाहत नाही. पासवर्ड साठवताना त्यानं त्याच्याबरोबर एक पत्ता लिहून ठेवलेला असतो, आणि समोरच्या पानाचा पत्ता त्याच्याशी जुळतो की नाही, एवढंच तो तपासतो. जुळला तर नाव पुढे करतो. एका अक्षराचा फरक असला तरी गप्प बसतो.

इथे टपालाचं उदाहरण द्यायला हवं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. अडचण अशी होती, की एकाच नावाची अनेक गावं, पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेले. सहा आकड्यांनी तो घोळ मिटवला. पत्रं वेगळी करणारा माणूस अक्षर किती वळणदार आहे हे पाहत नाही, तो आकडे पाहतो. मॅनेजर तेच करतो.

आणि टपालाचा पत्ता आपण खालून वाचतो ना? आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव, मग घर. इंटरनेटचा पत्ता तसा उजवीकडून वाचायचा. समजा आपल्या बँकेचं नाव 'अबक' आहे आणि पत्ता आहे 'अबक डॉट बँक डॉट इन'. ठग काय करतो? 'अबक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-तपासणी डॉट कॉम' असा लांबलचक पत्ता बनवतो. मोबाइलच्या अरुंद पट्टीत आपल्याला त्याचा एखादा तुकडाच दिसतो आणि आपण म्हणतो, बँकच आहे. उजवीकडून वाचलं तर घराचा मालक 'केवायसी-तपासणी डॉट कॉम' निघतो, 'अबक' ही फक्त दारावर लावलेली पाटी. पत्ता अखेरपर्यंत आहे कुठे, तर पहिल्या तिरकस रेघेपर्यंत. तिच्यापुढचं कितीही बँकेसारखं दिसलं तरी त्याला किंमत नाही. हे सगळं आपण दर वेळी पाहू का? नाही पाहणार. यंत्र दर वेळी पाहतं, न कंटाळता.

पासवर्ड पाठ करायची सवय कुठून आली

संगणकाचा पासवर्ड तसा आपल्याच पिढीचा सोबती आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था झाली. त्यात प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्ड आणला. तेव्हा एका माणसाला एक पासवर्ड पुरत होता. आज मोजून बघा. बँक, ईमेल, वीजबिल, गॅस, रेल्वेचं आरक्षण, आयकर, विमा, म्युच्युअल फंड, पेन्शनचं पोर्टल. बसल्या बसल्या तीस-चाळीस होतात. इतके पाठ करायचे म्हटल्यावर माणूस काय करतो? एकच पासवर्ड सगळीकडे वापरतो. नातवाचं नाव, पुढे त्याचं जन्मवर्ष.

यातला धोका नीट समजून घ्या. चोर आपल्या बँकेवर दरोडा घालायला जात नाही. एखाद्या किरकोळ दुकानाच्या वेबसाइटवरून ग्राहकांचे ईमेल आणि पासवर्ड चोरीला जातात. मग तीच जोडी यंत्राकरवी शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. आपण मिठाईच्या दुकानाला दिलेली किल्ली आपल्याच ईमेलला लागते.

पासवर्डात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठरावीक दिवसांनी तो बदलायला हवा, हे नियम अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरले. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनीच पुढे त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. २०१७ मध्ये निस्टनं नियम बदलले. लांबी महत्त्वाची, विनाकारण वारंवार बदल नको, आणि वेबसाइटनं पासवर्ड चिकटवू द्यावा, म्हणजे लोकांना मॅनेजर वापरता येईल, असं आता ते सांगतात.

मांडणी: फोनवर हे कसं लावायचं

आता कामाकडे वळू. हे एका बैठकीत उरकायचं नाही. एक शांत सकाळ घ्या, चहा घ्या, आणि क्रमानं चला.

पहिली पायरी फोनच्या कुलपाची. फोनला सहा आकडी पिन आणि बोटाचा ठसा असू द्या. बोटानं काढायची नक्षी टाळा, बाजूला बसलेल्याच्या ती सहज लक्षात राहते. ज्या घराला कडी नाही त्यात तिजोरी ठेवून काय उपयोग?

दुसरी पायरी मॅनेजर निवडण्याची. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा पासवर्ड मॅनेजर आधीपासून असतो, आयफोनमध्ये अ‍ॅपलचं 'पासवर्ड्स' असतं. घरात एकाच जातीचे फोन असतील तर हे पुरे आहेत. घरात अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप असं मिश्रण असेल, तर बिटवॉर्डन, वनपासवर्ड, प्रोटॉन पास अशी स्वतंत्र अ‍ॅप आहेत. बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती आपल्यासारख्यांना पुरते. कोणतंही घ्या, पण एकच घ्या. आणि ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून मुळीच नको.

तिसरी पायरी मास्टर पासवर्डची. स्वतंत्र अ‍ॅप घेतलं तर तिजोरीची ही एक किल्ली पाठ करावी लागते. ती विसरली तर बहुतेक कंपन्या तिजोरी उघडून देऊ शकत नाहीत, कारण किल्ली त्यांच्याकडे नसतेच. मग ती लांब हवी आणि लक्षात राहणारीही हवी. यासाठी अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक सोपी युक्ती काढली. पाच फासे टाकायचे आणि जे आकडे पडतील त्या क्रमांकाचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, कारण पाच फाशांची तितकीच दानं होतात. असे पाच-सहा शब्द ओळीनं मांडले, की शक्यतांची संख्या कुणाच्या आवाक्यात राहत नाही. आपण मराठी शब्दकोश डोळे मिटून उघडून पाच शब्द घेतले तरी चालेल. फणस, कंदील, मंगळवार, चाळणी, टांगा, असं काही तरी. हे मात्र वापरू नका, आता ते जगजाहीर झाले! ओवी, आरती, सुविचार नको, ते अनेकांना पाठ असतात. आणि शब्द मराठी असले तरी टाका रोमन अक्षरांत. उद्या दुसऱ्याच्या संगणकावर तिजोरी उघडायची वेळ आली आणि तिथे देवनागरी कीबोर्डच नसला, तर पंचाईत होईल.

चौथी पायरी म्हणजे ऑटोफिल चालू करणं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे. आयफोनवर इतर कंपन्यांच्या मॅनेजरना ती २०१८ मध्ये मिळाली. अँड्रॉइडमध्ये ती नेमकी कुठे असते, हे फोनच्या कंपनीप्रमाणे बदलतं. म्हणून सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'ऑटोफिल' असा शब्द टाका. 'पासवर्ड्स' किंवा 'ऑटोफिल सर्व्हिस' अशा नावाचं पान येईल, त्यात आपला मॅनेजर निवडा. आयफोनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, मग जनरल, मग 'ऑटोफिल अँड पासवर्ड्स' असा रस्ता आहे. तिथे आपल्या अ‍ॅपपुढची खूण चालू करा आणि बाकीच्यांची बंद करा. दोन मॅनेजर एकाच वेळी चालू असले, की निम्मे पासवर्ड एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे साठतात, आणि महिन्याभरानं काहीच सापडत नाही. अँड्रॉइडवर स्वतंत्र अ‍ॅप वापरत असाल, तर क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल सर्व्हिसेस' इथे जाऊन 'दुसरी सेवा वापरा' अशा अर्थाचा पर्यायही निवडावा लागतो. अनेकांची गाडी इथेच अडते.

पाचवी पायरी कुलपावरच्या कुलपाची. मॅनेजरच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावा. ती लावताना एक आणीबाणीचा कोड मिळतो. तो कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवा, फोनमध्ये नको. फोन हरवला तर तोच कोड लागणार आहे.

वापर: रोजचा रिवाज

चाळीस पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नका. पहिला मान ईमेलचा, कारण 'पासवर्ड विसरलात का' म्हटलं की उत्तर तिथेच येतं. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती सगळं. त्यानंतर बँका, मग गुंतवणूक. बाकीचे जसजसे उघडाल तसतसे.

एखाद्या ठिकाणी पासवर्ड बदलताना नवा पासवर्ड स्वतः रचू नका. मॅनेजरला बनवायला सांगा. तो वीस अक्षरांचा काही तरी कडबोळ्यासारखा शब्द देईल, आपल्याला तो पाठ करायचाच नाही. मात्र पान बंद करण्यापूर्वी नवा पासवर्ड तिजोरीत उतरला आहे, हे एकदा उघडून पाहा. वेबसाइटवर नवा आणि तिजोरीत जुना, असं झालं की माणूस वैतागून सगळं सोडून देतो.

रोजचा रिवाज सोपा आहे. चौकटीला बोट लावा. कीबोर्डच्या वर किंवा चौकटीच्या खाली खात्याचं नाव येईल. त्यावर बोट ठेवा, ठसा द्या, भरलं. नाव आलं नाही तर चौकटीवर बोट थोडा वेळ दाबून धरा, 'ऑटोफिल' असा पर्याय निघतो.

एक सूचना. रोज ठशानं तिजोरी उघडली की मास्टर पासवर्डाचा विसर पडतो. ठसा या एका फोनपुरता असतो. फोन बदलला की मास्टर पासवर्डच लागतो. म्हणून महिन्यातून एकदा तो हातानं टाका. आम्ही एकादशीचा दिवस ठरवला आहे.

आणि काही गोष्टी या तिजोरीत नकोत. यूपीआयची पिन डोक्यातच राहू द्या. ती पैसे पाठवताना लागते, पैसे घेताना कधीच लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगितली, तर ती चोरीच समजा.

तो गप्प बसला तर

आता मुख्य मुद्दा. मॅनेजर गप्प बसला याचा अर्थ प्रत्येक वेळी समोर चोर आहे, असा होत नाही. काही बँकांच्या पानांवर ऑटोफिल मुद्दाम बंद केलेलं असतं, काही ठिकाणी पडद्यावरच्या कीबोर्डवरूनच अक्षरं दाबावी लागतात. शिवाय खऱ्या संस्थेचा पत्ताही बदलू शकतो. याचं मोठं उदाहरण नुकतंच घडलं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सर्व बँकांना आपापले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या नव्या शेपटाखाली न्यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे खरा पत्ता ओळखणं सोपं झालं, हे चांगलंच आहे. पण आपल्या तिजोरीत जुना पत्ता लिहिलेला! मग खऱ्या बँकेच्या खऱ्या पानावरही मॅनेजर गप्प. आमचंही तेच झालं. या वेळी मात्र आम्ही पासवर्ड कॉपी केला नाही.

काय केलं, ते क्रमानं सांगतो. ते पान बंद केलं. बँकेच्या पासबुकावर आणि शाखेतल्या फलकावर छापलेला पत्ता पाहिला. तो स्वतःच्या हातानं टाकला. पान उघडल्यावर पत्ता उजवीकडून वाचला. खात्री झाल्यावर मॅनेजर उघडून त्या नोंदीत नवा पत्ता जोडला. पुढच्या वेळी नाव आपोआप वर आलं. पाच मिनिटं लागली.

म्हणजे नियम एवढाच. मॅनेजर गप्प असताना पासवर्ड कॉपी करून चिकटवायचा नाही. आधी पत्त्याची खात्री दुसऱ्या वाटेनं करायची, तीही संदेशातल्या लिंकवरून किंवा संदेशातल्या फोन क्रमांकावरून नाही. धूर दिसला म्हणून लगेच घाबरून जाऊ नये, हे खरं. पण धूर दिसल्यावर उठून बघू नये, असं कुणीच शिकवत नाही.

घाई ही ठगाची खरी पुंजी आहे. 'आज रात्रीपासून', 'पुढच्या एका तासात' हे शब्द आले, की समजावं, आपल्याला विचार करू द्यायचा नाही. आणि चुकून काही गेलंच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिला तास मोलाचा असतो. आम्ही चार दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून हे आवर्जून सांगतो. शिकलेल्या माणसाला लाज जास्त वाटते आणि त्या लाजेचा फायदा चोराला होतो.

आपल्यामागे

आपल्या वयात आणखी एक प्रश्न असतो. उद्या आपण नसलो किंवा बोलता येईनासं झालं, तर ही तिजोरी कोण उघडणार? मास्टर पासवर्ड आणि आणीबाणीचा कोड एका बंद पाकिटात घालून मृत्युपत्राच्या शेजारी ठेवा आणि एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा. खात्यातल्या इतर माहितीसाठी अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणि गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' अशाही सोयी आहेत. मात्र किल्ली मिळाली म्हणजे हक्क मिळाला, असं नाही. बँकेतलं नामनिर्देशन आणि मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वहीत लिहून ठेवलं तर काय बिघडलं?*

फारसं नाही. परदेशात बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोचत नाही. पण वहीत लिहायचं म्हणून आपण पासवर्ड छोटे आणि एकसारखे ठेवतो. आणि समोरचं पान खोटं आहे, हे वही सांगू शकत नाही. आमच्या त्या दुपारी वही असती, तर तिनं पासवर्ड मुकाट्यानं वाचून दाखवला असता.

*सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवायच्या? ते जुडगंच चोरीला गेलं तर?*

शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. त्यातले पासवर्ड कूटरूपात होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि वेगळा होता ते बरेच सुरक्षित राहिले, दुबळा होता त्यांना चिंता. म्हणून तिसऱ्या पायरीवर इतका वेळ घालवला.

*सर, पाठांतर सुटलं की बुद्धी गंजत नाही का?*

हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात इजिप्तचा राजा थामुस लेखनकलेविरुद्ध हाच आक्षेप घेतो, की लोक लिहू लागले तर स्मरणशक्ती जाईल. गंमत अशी, की हा आक्षेप आपल्यापर्यंत पोचला तो लिहून ठेवला म्हणूनच. पाठांतर जरूर करा. अभंग पाठ करा, नातवंडांचे वाढदिवस पाठ करा. वीस अक्षरांचं कडबोळं पाठ करून आत्म्याला काय लाभणार?

*हल्ली पासकी म्हणतात ती काय?*

त्यात पासवर्डच नसतो. फोनमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि ती त्या एकाच पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानावर ती चालतच नाही, आपण चालवायची म्हटली तरी. म्हणजे आमच्यासारख्या हट्टी माणसापासूनही ती आपलं रक्षण करते. जिथे मिळेल तिथे घ्या. बाकीच्या ठिकाणी अजून काही वर्षं पासवर्डच राहणार आहेत.

घरी गेल्यावर आज एवढंच करा. सेटिंग्ज उघडा, 'ऑटोफिल' शोधा, एक मॅनेजर निवडा आणि ईमेलचा पासवर्ड त्यात ठेवा. बाकीचं हळूहळू होईल. आणि एखाद्या दुपारी चौकटीला बोट लावल्यावर काहीच वर आलं नाही, तर वैतागू नका. फोन खाली ठेवा, चष्मा लावा आणि पत्ता वाचा.